जिल्हाधिकाऱ्यांच्या वतीने

सिव्हिल लाइन्स, नागपूर
दि. १९ जानेवारी २०२५

ती. सरिताताईस,
धाकट्या भावाचा स. जयभीम वि. वि.

सिव्हिल लाइन्समधून सक्करदऱ्याला पत्र टाकणारा या शहरातला मी शेवटचा माणूस असेन. पाकीट घ्यायला गेलो तर पोस्टातल्या मुलीने कुठे पाठवायचं ते विचारून, ऑटोने जाऊन या ना सर, असं सुचवलं. तिला काय सांगणार? फोन तू उचलत नाहीस. दारात पाय ठेवू नको, हे अंकुशच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तूच साऱ्या नातेवाइकांसमोर मला बजावलंस. मग पत्रच उरलं. मी अमरावतीच्या वसतिगृहात होतो तेव्हा तू आंतर्देशीय पाठवायचीस आणि त्यात अर्धं पान मला रागवायचीस. आता पूर्ण पान रागव, पण लिही.

अंकुशला जाऊन महिना उलटला. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की पेन पुढे सरकत नाही, म्हणून आज तुझ्याबद्दलच लिहितो. तू शिवणक्लास बंद ठेवलास, एकच वेळ जेवतेस, हे दीक्षाकडून कळतं. ब्लडप्रेशरची गोळी तरी चुकवू नकोस. पोरीने एकटीने किती सांभाळावं? भाऊजी गेल्यापासून तुम्ही तिघंच होतात, आता दोघी.

सरळ विचारतो. तू मला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालीस. माझं नेमकं काय चुकलं ते मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. आई गेल्यावर मला माहेर म्हणून तुझंच घर आहे. पुरुषाला माहेर कुठून, म्हणून तू पूर्वी हसायचीस. पण आहे ते आहे. ते तुटलं तर या वयात मी कुठे जाऊ?

माझ्यावरचा तुझा लोभ आटला असला तरी तळाशी थोडा असेलच. तेवढा राहू द्यावा.

तुझा,
धम्मदीप


सक्करदरा
ता. २ फेब्रुवारी

चि. धम्मदीप यास,
सरिताचा जयभीम. आशीर्वाद लिहायले हात उचलत नाही, म्हणून लिहिला नाही.

तुह्या पत्राले ऑफिसचा वास येऊन राहिला. मोठा निवासी उपजिल्हाधिकारी असशील तुह्या घरी. मले लिहायचं तं आपण घरी बोलतो तसं लिही, नाहीतर लिहूच नको.

काय चुकलं म्हणून विचारतं? मंग ऐक. होणाऱ्या सुनेच्या, उन्नतीच्या साक्षगंधाची साडी घ्यायले मी अन् दीक्षा बर्डीच्या बाजारात गेलो होतो. समोर दोन साड्या, एक मोरपंखी, एक डाळिंबी. अंकुशनं मले सांगून ठेवलं होतं का आई, साडी मामाच्या पसंतीची घेजो. म्हणून मी दुकानातूनच तुले फोन लावला. तू उचलला. मी रंग सांगितले. तू हसला, अन् दोन्ही घे म्हणला.

सांजच्याले आम्ही पिशव्या घेऊन ऑटोतून उतरलो तं गल्लीभर माणसं. शेजारच्या कांताबाईनं मले धरलं. मंग समजलं का तुह्या ऑफिसात दुपारीच निरोप आला होता. दारात बसलेल्या सरकारी माणसानंच कांताबाईले सांगितलं. म्हणजे माह्या अंकुशची फौजेची गाडी दरीत गेली हे तुले माहीत होतं, अन् तू माह्याशी साडीच्या रंगाचं बोलला! हसला कसा गा तू? तोंड कसं झालं तुह्यं?

अन् विमानतळावर? पेटी उतरली, तू पुढं झाला, फुलाचं चक्र ठेवलं, हात जोडले, मागं सरला. भोंग्यावर तो माणूस बोलला का जिल्हाधिकाऱ्यांच्या वतीने निवासी उपजिल्हाधिकारी. ज्या पोराले तू खांद्यावर बसवून अंबाझरीचा तलाव दाखवला, त्याले फूल वाहिलं ते कलेक्टरच्या नावानं. काहून? मामाच्या नावानं वाहिलं असतं तं नोकरी गेली असती? पेटीले एकदा हातसुद्धा लावला नाही तू. मी पाहून राहिली होती.

लोभाचं मले विचारू नको. गोळी घेतली.

सरिता


सिव्हिल लाइन्स
दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईले,
धम्मदीपचा जयभीम.

घे, आता घरच्यावानी लिहितो. दोनदा लिहून फाडलं, हे तिसरं.

त्या दिवशी अधिवेशन चालू होतं. कलेक्टर साहेब विधानभवनात अडकलेले, ऑफिसात सारं माह्यावर. नियंत्रण कक्षातला पोट्टा चिठ्ठी घेऊन आला का फौजेची गाडी दरीत गेली, आपल्या जिल्ह्यातला एक जवान आहे. मी नाव वाचलं, गाव वाचलं, अन् पुन्हा वाचलं. ओळख पटल्याशिवाय, पलटणीचा पक्का निरोप आल्याशिवाय घरच्यांना सांगायचं नाही, असा नियम आहे. ताई, तो आदेश मागच्या साली मीच सही करून काढला होता. मी पलटणीले फोनवर फोन लावून राहिलो. कोणी तरी म्हणावं का दुसराच अंकुश आहे, एवढंच मागत होतो. त्यातच तुह्या फोन आला.

हो, हसलो. हसलो नसतो तं तुले तिथंच समजलं असतं, भर दुकानात, अन् मले स्वतःलेच अजून पक्कं माहीत नव्हतं. मी मनात म्हटलं, घरी जाऊ दे तिले, निरोप पक्का झाला का मी स्वतः जातो. पण पक्का निरोप आला तेव्हा विमान, रुग्णवाहिका, मंत्र्यांचा दौरा, सारं माह्याच डोक्यावर पडलं. तुह्या दाराशी माणूस पाठवला अन् मी मागून निघालो. पोचलो तेव्हा तू कांताबाईच्या मांडीवर होती.

आता चक्राचं. उपजिल्हाधिकारी म्हणजे काय वं ताई? साहेब पोचू शकत नाहीत तिथं पोचणारा माणूस. मोर्चाचं निवेदन घ्यायले मी, मंत्र्याच्या गाडीचं दार उघडायले मी, अन् पेट्या उतरवून घ्यायलेही मीच. त्या दिवशी साहेबांनी मले बाजूले घेऊन सांगितलं होतं का तू सुटी घे, मी दुसऱ्याले पाठवतो. मीच नाही म्हटलं. मामा म्हणून उभा राहिलो असतो तं तिथंच खाली पडलो असतो. अधिकारी म्हणून पाय टिकले. हात लावला असता तं तेही टिकले नसते. एवढंच खरं आहे, अन् हे मी तुह्या भावजयलेसुद्धा बोललो नाही.

रागव, पण बोलणं सोडू नको.

तुह्या,
धम्मदीप


सक्करदरा
ता. १ मार्च

चि. धम्मदीप,
जयभीम.

पत्र भेटलं. समजलं, पण पटलं नाही.

उन्नती येऊन गेली. माह्याजवळ बसून भाजी निवडून दिली पोरीनं. तिच्या मायबापाले मीच म्हटलं का दुसरीकडं पाहा. पाहून राहिले ते आता. चांगलं स्थळ भेटलं तं बरं होईन, असं मी तोंडानं म्हणते, अन् मंग संडासात जाऊन रडते.

क्लास चालू केला. तीन पोरी येतात. दीक्षाच्या बी.एड.ची परीक्षा आहे, म्हणून घरात चूल पेटते. नाहीतर माह्या एकटीसाठी कोण करते?

एक सांगून ठेवते. तुह्यी खुर्चीच अशी आहे का तुह्यावर ही पाळी पुन्हा येईन. कोण्या मायले असा निरोप द्यायची वेळ आली तं नियम पाहू नको. सीधा जा अन् सांगून टाक. ज्या पोराले मायनं जन्म दिला त्याचं पहिलं तिले समजलं पाहिजे, तुह्या कागदाले मागून. एवढं माह्यं ऐकशील तं अंकुशच्या मामानं काही तरी केलं म्हणीन.

सरिता


सिव्हिल लाइन्स
दि. ८ जून

ती. ताईले,
जयभीम.

तुह्यं ऐकलं, ताई. अन् काय होऊन बसलं ते कसं लिहू समजत नाही.

पेपरात वाचलं असशील. सुटीत पहाडात फिरायले गेलेली बस उलटली, आपल्याकडची पोरं होती. तिथल्या नियंत्रण कक्षाकडून पहिलं नाव आलं ते हिंगण्याच्या मोहितचं. कारखान्यात पाळीवर जाणारा पोरगा. खांद्याच्या बॅगेत कंपनीचं ओळखपत्र सापडलं, त्यावरून नाव धरलेलं. ओळख पटवणं बाकी आहे, असं खाली स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, अन् तुह्यं पत्र आठवलं. कोणाले पाठवलं नाही, स्वतः जीप काढून हिंगण्याले गेलो.

मोहितची माय गोपिकाबाई दारात लसूण सोलून राहिली होती. मी सांगितलं. ताई, माणूस असा खाली बसतो हे मी पुष्कळदा पाहिलं आहे, पण या वेळी सांगणारा मी होतो. शेजारची देवकीबाई धावत आली. तिचा पोरगाही त्याच बसमध्ये होता, मोहितचा लहानपणापासूनचा दोस्त. तरी ती गोपिकाबाईले पोटाशी धरून दुपारभर बसून राहिली. पाणी पाजलं, पदरानं तोंड पुसलं, आलेल्या बायांना आवरलं.

सांजच्याले फोन आला. मोहित जिवंत आहे, दवाखान्यात आहे, पाय मोडला. दोस्ताले मळमळत होतं म्हणून मोहितनं त्याले खिडकीची जागा दिली होती, अन् बॅगही त्याच्याच गळ्यात अडकवली होती. गेला तो दोस्त. देवकीबाईचा पोरगा.

मी त्या दोघींसमोर उभा होतो. एकीले सांगायचं होतं का तुह्या पोरगा आहे, अन् जी तिले धरून बसली तिले सांगायचं होतं का तुह्या नाही. पहिलं कोणाले सांगू, ते मले सुचलं नाही. तोंडातून एकदमच निघालं दोन्ही. गोपिकाबाई हसली, अन् हसता हसताच तिले समजलं का आपण कोणाच्या मांडीवर हसून राहिलो.

मले कारणे दाखवा नोटीस आली, अन् ती बरोबर आहे. मी सारं कबूल करून लिहून दिलं. ऑगस्टमध्ये गडचिरोलीले बदली होईन असं ऐकतो. त्याचं काही वाटत नाही. नियम पाळला तं तू गेली, नियम मोडला तं देवकीबाईचं हे झालं. आता नेमकं काय करायले पाहिजे होतं ते मले समजत नाही, अन् विचारायले तुह्याशिवाय कोणी नाही.

जायच्या अगोदर एकदा घरी येऊ दे.

तुह्या,
धम्मदीप


सक्करदरा
ता. २० जून

चि. धम्मदीप,
जयभीम.

पत्र वाचलं त्या दिवशी मशीनवर बसवलं नाही. तुले तसं सांगणारी मीच, म्हणून मी हिंगण्याले जाऊन आली. दीक्षाले म्हटलं कापड आणायले जाते.

देवकीबाई भली बाई आहे. मले ओळख ना पाळख, तरी चहा ठेवला. माह्याबी पोरगा गेला हे सांगितल्यावर बोलली. गोपिकाले धरून बसली तेव्हा मनात सारखं येत होतं का बरं झालं, माह्या नाही. तेच आता तिले खाऊन राहिलं. तिले वाटते आपण तसं मनात आणलं म्हणून पोरगा गेला. मी म्हटलं, असं नसते माय, मायच्या मनात आणखी काय येईन? पण तिचं ऐकायचं चित्त नव्हतं.

एक तुले सांगते, वाईट वाटो का बरं. गोपिकाबाईनं दुपारभर आपलं पोरगं मेलेलं पाहिलं अन् सांजच्याले तिले ते परत भेटलं. मले कोणी म्हणलं असतं का सरिता, तू वर्षभर रड, मंग अंकुश देतो, तं मी हसत रडली असती. मंग कोणत्या तोंडानं त्या बाईची कीव करू?

निघताना देवकीबाईनं विचारलं का तुमाले कसं समजलं. मी सांगितलं नेहमीचं, माह्या भावानं लपवलं म्हणून. सगळ्यांनाच सांगते तसं. पण तिच्यासमोर ते अर्धंच सांगून चहाचा कप खाली ठेवला. उठून आली.

गडचिरोलीले जाशील तं मच्छरदाणी नेजो. घरी यायचं सध्या राहू दे.

सरिता


सक्करदरा
२९ जून २०२५

आ. मामास,
दीक्षाचा स. जयभीम.

आईला न सांगता लिहिते आहे. फोनवर बोलले असते, पण घरात भिंती पातळ आहेत आणि तिचे कान फार तिखट आहेत. हिंगण्याहून आल्यापासून ती कुणाशी धड बोलत नाही. तुमची सगळी पत्रं मी वाचली, आईचीही पोस्टात मीच टाकत होते, आणि आता माझ्याच्याने गप्प राहवत नाही.

मामा, त्या दिवशी मी तिच्यासोबत होते. तुमचा फोन झाला आणि आईने तो कानाजवळून काढला, पण ठेवला नाही. नुसती बघत बसली. मामा काय म्हणाले, म्हणून मी विचारलं, तर दोन्ही घे म्हणाला, एवढंच बोलली. मला हसू आलं. तुम्ही कधी एका दमात हो म्हणता का! साधी पावभाजी खायची तरी तुम्ही गाडीवाल्याला वीस प्रश्न विचारता. मी हसले, आई हसली नाही.

मग तिने फोन बंद करून पर्सच्या तळाशी ठेवला. माझाही मागून घेतला, बॅटरी वाचव म्हणाली. आणि दुकानदाराला म्हणाली, आणखी दाखवा. तो काढत गेला. तिने एकेका साडीचा पदर उलगडायला लावला, काठ विचारला, धुतल्यावर रंग जातो का विचारलं. गादीवर साड्यांचा ढीग झाला. मी किती वेळा म्हटलं, आई, चल ना वं, मला भूक लागली. ती म्हणायची, एकच पाहू, बेटा, आणखी एक. शेवटी दुकानदारच कंटाळला, तेव्हा ती उठली. पायऱ्या उतरताना माझा हात इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी मनगट दुखलं.

आम्ही दुकानात होतो तेवढा वेळ दारात माणसं आमची वाट पाहत बसली होती आणि आमचे दोन्ही फोन बंद होते. हे आईने कुणालाच सांगितलं नाही. मीही नाही. तुम्ही लपवलं असं ती लोकांना सांगायची तेव्हा मी मान खाली घालून ऐकायची. दादा गेला, आणि मग घरात तुम्हीही नाहीत. मला दोघांचंही दुःख झालं, मामा, पण दादाबद्दल रडता येतं तरी.

तिच्यावर रागवू नका. मीसुद्धा रागवले नाही. आज जेवताना मी तिला सांगणार आहे की मामाला मी सगळं लिहिलं. काय व्हायचं ते होऊ दे.

तुमची माया आम्हा दोघींवर होती तशीच असू द्या.

तुमची,
दीक्षा


सक्करदरा
ता. ६ जुलै

चि. धम्मदीप यास,
ताईचा जयभीम अन् अनेक आशीर्वाद.

दीक्षानं लिहिलं ते खरं आहे. चार दिवस तिच्याशी बोलली नाही मी, मंग बोलली. पोरगी बापावर गेली, पोटात काही राहत नाही.

तू दोन्ही घे म्हणला तेव्हाच मले समजलं. नेमकं काय झालं ते नाही, पण अंकुशचंच आहे हे समजलं. तुह्या आवाज मले ठाऊक नाही का? तुह्या डोक्याले तेल लावून शाळेत पाठवणारी मी. मी विचारलं असतं तं तू खोटं बोलू शकला नसता. म्हणून मी विचारलं नाही. मले वाटे, मी साड्या पाहून राहिली तोपर्यंत घरी काही झालं नाही. उठली का झालं. मंग कोणी तरी पाहिजे होतं ना ज्यानं लपवलं. तुले धरलं. तूच जवळचा होता.

देवकीबाईकडं मी पुन्हा जाऊन आली. तिले हे सारं सांगितलं, पहिल्यांदा तिलेच.

आता काम सांगते. अपघाताचा कागद तू वाचला असशील. माह्या अंकुश जागच्या जागी गेला का काही वेळ होता, शुद्धीत होता का, त्याच्याजवळ कोणी होतं का, पाणी कोणी दिलं का, मी आजवर एकाले विचारलं नाही. फौजेतला साहेब सांगायले आला होता, मी त्याच्यासमोरून उठून चहा टाकायले गेली. तुह्याजवळ सारं आहे, अन् मी विचारीन म्हणून तूही भीत असशील. आता विचारते.

रविवारी सकाळी ये. दीक्षाले मी कुठं पाठवणार नाही, तिनंबी ऐकलं पाहिजे. चांगलं असन तं सांग, वाईट असन तरी सांग, मधलं गाळू नको. तुह्या आवडीचं वांग्याचं भरीत अन् भाकर करून ठेवते. पण पहिले जेवून घेऊ, मंग बोलू, असं करू नको. दारातून आत आला का सांगायले बस. जेवण मंग होते का नाही, ते पाहू.

माह्या राग तुह्यावर खूप दिवस राहिला, लोभ त्याच्याहून जुना आहे.

तुह्यी,
ताई